कप्तान पेल कुठल्या पानावर?

रेजायना,
२ जानेवारी १९९६

चि. एगर्ट यास,
अ. उ. आ.

नव्या वर्षाचे आशीर्वाद जरा शिळे झाले असतील, पण बाहेर उणे चौतीस आहे. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं तर लढाईवर निघाल्यासारखा जामानिमा करावा लागतो.

दीसाने पाठवलेलं पुस्तक ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच पोचलं. तुझी प्रतही पोचली असेलच. तुझ्या लेकीने शेवटचं प्रकरण सुतळीने असं आवळून बांधलंय की आपल्या बाबांची आठवण झाली. जाळी विणायच्या सुतळीची ती गाठ आपण दोघांनी लहानपणी किती वेळा सोडून पाहिली, आणि पुन्हा तशी बांधता न आल्याने किती वेळा पकडले गेलो! बाबांच्या वेळेपासूनचा नियम तोच: शेवटचं प्रकरण न सोडता खुनी कोण ते ३१ जानेवारीच्या आत दीसाला कळवायचं, तिने दोन्ही पाकिटं एकदम उघडायची. जो बरोबर त्याने एक मागायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

गेली तीन वर्षं तूच जिंकतोयस. यंदा ते मी होऊ देणार नाही, कारण मला काय मागायचंय ते तुला चांगलं ठाऊक आहे. तुझी लोआ जाऊन चौदा महिने झाले. त्या तळ्याकाठच्या घरात तू एकटा, तुझ्या सोबतीला एक शेगडी आणि बोटीचा सांगाडा. मी जिंकले तर तू घर विकून इथे यायचं. वरची खोली मी रंगवून घेतलीये. तुला जोरजबरदस्ती वाटत असेल तर १९५१ साल आठव. तेव्हा मी जिंकले नसते आणि तुला लोआच्या घरी कॉफी प्यायला धाडलं नसतं, तर तू अजून तिच्या फाटकासमोरून शीळ घालत फेऱ्या मारत असतास.

तुझ्या गाडीला हरीण आडवं आलं असं दीसाने कळवलं. हरीण ठीक आहे ना? तुझी चौकशी करत नाही, तू पत्रात तब्येतीविषयी कधी खरं लिहिलेलं नाहीस.

मी पाठवलेला केक कापला का? सातही थर नीट उठलेत. वरून साखरेचं लिंपण केलेलं नाही, तेव्हा उगाच तोंड वाकडं करू नकोस.

लोभ निकाल लागेपर्यंत तहकूब.
तुझी ताई,
थोरुन


गिमली,
९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
(साष्टांग गुडघ्यांमुळे जमणार नाही. उभ्याउभ्याच मानून घे.)

केक पोचला. लिंपण नाही म्हणजे टोपी न घालता चर्चला गेल्यासारखं. तरी अर्धा संपला.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. दीसाने जाड काळं पेन दिलंय, ते वाया कशाला घालवू? पानात सहाच ओळी बसतात, त्यामुळे फालतू बोलणं आपोआप गळतं. तुलाही एखादं पाठवायला सांगतो.

पुस्तक चाललंय. सातव्या प्रकरणापर्यंत आलो. तो दीपगृहवाला मेला ते बरंच झालं, फार बडबड करत होता.

घर विकणार नाही. मी जिंकलो की हा विषय तू जन्मात काढायचा नाहीस, हे माझं मागणं. तळं आता पार गोठलंय. पोरं बर्फात भोकं पाडून मासे धरतात, मी खिडकीतून चुका काढतो. यापेक्षा रेजायनात काय वेगळं मिळणार?

हरीण ठीक आहे. कळवायला सांगितलंय.

तुझा लोभ तहकूब असेल तर असो. माझा चालू आहे.
एगर्ट


रेजायना,
२९ जानेवारी

चि. दीसा हिस,
अ. आ.

सोबत माझं सीलबंद पाकीट. तुझ्या पप्पाचंही आलं असेल.

आत नाव आहे कप्तान पेलचं. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून बसले. साक्षीदार खोटं बोलायच्या आधी कसा घसा खाकरतो ते मला कागदावरूनही ऐकू येतं. या कप्तानाचा वास मला तिसऱ्या प्रकरणातच आला होता. माणूस देखणा, बोलणं गोड, आणि रेनकोट भर उन्हाळ्यातही अंगात. दीपगृहवाल्याने तीस वर्षांपूर्वी त्याचं जहाज खडकावर जाताना पाहिलं होतं, म्हणून त्याने त्याच्या थर्मासमध्ये विष कालवलं. सविस्तर कारणमीमांसा आतल्या तीन पानांत आहे. तुझ्या पप्पाला ती मोठ्याने वाचून दाखव, जरा त्याच्या ज्ञानात भर पडेल.

वरच्या खोलीला पडदे निळे घेऊ की पिवळे? त्याला विचारू नकोस, तो काळे म्हणेल.

तुझी लाडकी (एकुलती एक आहे म्हणून),
थोरुनआत्या


रेजायना,
८ फेब्रुवारी

चि. दीसा,
अ. आ. घाईघाईने.

पाकीट अजून उघडलं नसशील तर उघडू नकोस. परत पाठव, जाळ, समुद्रात टाक. तुमच्याकडे समुद्र आहे.

आता सांगतेच, पोटात ठेवून पोट दुखायला लागलंय. मी पुस्तक वाचलंच नव्हतं. जानेवारीतल्या चार रविवारी संध्याकाळी टीव्हीवर त्याचं नाटक लागलं होतं. पहिल्या रविवारी नुसतं डोकवावं म्हणून बसले. मनाला म्हटलं, गाठ कुठे सोडलीये मी? सुतळीला हातही लावला नाही. बाबांनी सुतळी बांधली तेव्हा टीव्ही नव्हता, त्यामुळे नियमात टीव्ही नाही. अशी पळवाट काढणारे वकील मी आयुष्यभर पाहिले आणि मनातल्या मनात त्यांना जोड्याने मारलं. चौथ्या रविवारी कप्तान पेलला बेड्या पडल्या आणि सोमवारी सकाळी मी तुला ते पाकीट टाकलं.

मग वाटलं, निदान आता तरी वाचावं, एगर्टने काही विचारलं तर तोंडघशी नको पडायला. चहा घेऊन बसले. पहिल्याच ओळीत दीपगृहवाला मरून पडलेला. म्हटलं बरं, कप्तान येईल आता. चाळीस पानं झाली, कप्तान नाही. डॉक्टर आला, ऑर्गन वाजवणारी बाई आली, पोस्टमास्तर आणि त्याची बायको आली. शंभराव्या पानावर खाडीत एक बोट शिरली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. बोटीतून उतरला पाद्री! एकशे साठाव्या पानावर मी मागे जाऊन शोधायला लागले, वाचता वाचता मीच त्याला गाळला की काय. स्टेशनावर पाहुण्याची वाट पाहत उभं राहावं आणि पाहुण्याने तिकीटच काढलेलं नसावं, तसं झालं माझं. सुतळीपर्यंत आले. दीसा, या पुस्तकात कप्तान पेल नावाचा माणूसच नाही. तो टीव्हीवाल्यांनी घरी बनवलाय. आणि मी त्याच्यावर तीन पानं लिहिली, प्रकरणांचे दाखले देऊन!

गाठ मात्र अजून तशीच आहे. चोरीतही थोडी अब्रू ठेवलीये म्हण.

हे सगळं मी का केलं, तर तुझ्या पप्पाला तिथून हलवायला. जिंकल्याशिवाय मागायचं नाही असंच आम्हाला शिकवलंय. दुसऱ्या कुठल्या रीतीने मागायचं ते मला येत नाही.

एगर्टला कळू देऊ नकोस. तो तळ्याच्या पलीकडपर्यंत हसेल.

तुझी (आता लाडकी राहिले असेन तर) आत्या


व्हिक्टोरिया,
१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं आणि पाकिटं मी रविवारी उघडली. माफ कर. समुद्र हाताशी होता, पण उपयोग झाला नाही.

तुझी तीन पानं वाचून मी आधी घाबरले. वाटलं आत्याचं डोकं फिरलं, कारण कप्तान पेल कोण ते मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे टीव्ही नाही. मग दुसरं पाकीट उघडलं. त्यात जाड काळ्या पेनने एकच नाव होतं, पानभर. कप्तान पेल.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नंतर शेजारणीकडे गेले, तिने सगळे भाग पाहिलेत. तिने सांगितलं तेव्हा उलगडा झाला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कॉफी सांडली. आत्या, जगात नसलेल्या माणसाला तुम्ही दोघांनी एकमताने फाशी दिलीत!

खरा खुनी पोस्टमास्तरची बायको. सुतळी सोडायला हरकत नाही.

म्हणजे यंदा कुणीच जिंकलं नाही आणि कुणीच काही मागायचं नाही. तू का पाहिलंस ते तू सांगितलंस, ते मी माझ्याजवळच ठेवीन. पण पप्पाने का पाहावं? टीव्हीला तो मूर्खांची शेगडी म्हणतो. मी फोन केला तर म्हणाला, वारा सुटलाय, ऐकू येत नाही. आतमध्ये कसला वारा? तूच विचार. तुला तो निदान शिव्या तरी देतो.

तुमच्या दोघांच्या प्रेमावर डोळा ठेवून असलेली,
दीसा


रेजायना,
१८ फेब्रुवारी

चि. एगर्ट यास,
आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

दीसाकडून निकाल कळलाच असेल. तेव्हा आपण एकमेकांना सभ्य माणसं म्हणणं आता थांबवू. मी चोरी केली. नाटक पाहिलं, पुस्तक उशाशी ठेवून त्यावर चष्मा ठेवत राहिले. बहात्तर वर्षांची बाई शाळेतल्या पोरीसारखी कॉपी करते आणि तीसुद्धा चुकीच्या पोराच्या वहीतून! स्वतःला मी हवं तेवढं हसून घेतलंय. आता तुझी पाळी.

माझं ठीक आहे, मी आधीपासूनच आळशी. पण तू? हातातलं पुस्तक संपल्याशिवाय तू जेवायला येत नसायचास. आई तुझी ताटली पुस्तकावर ठेवायची. तुझं नऊ तारखेचं पत्र मी काल पुन्हा काढलं. म्हणे सातव्या प्रकरणापर्यंत आलो, दीपगृहवाला फार बडबड करत होता. पुस्तकात तो पहिल्या ओळीत मेलेला आहे! एक शब्द बोलत नाही बिचारा. बडबड करतो तो टीव्हीवर, सात तारखेच्या पहिल्या भागात. एवढा ठळक पुरावा तू सही करून मला पाठवलास आणि कोर्टात मुरलेली मी तो वाचून केकच्या लिंपणावर चिडत बसले. माझी पेन्शन सरकारने परत घ्यावी.

मग बाकीचंही दिसायला लागलं. ते पेन. पानात सहा ओळी. शेवटची ओळ कागदाबाहेर टेबलावर गेलेली, त्या शब्दाचं शेपूट नव्हतंच. आणि ते हरीण, ज्याला कुणीही पाहिलेलं नाही.

एगर्ट, मी हसत हसत लिहायला बसले होते. आता हसू येत नाही. तुला दिसतंय ना? मला खरं सांग. मी दीसाला सांगणार नाही, डॉक्टरला फोन करणार नाही, गाडी घेऊन येणार नाही. फक्त सांग.

तुझी ताई


गिमली,
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
न. वि. वि.

हे लिहायला तीन दिवस लागले. पानं मोजू नकोस.

नाही दिसत. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. सप्टेंबरापासून छापलेलं वाचता येत नाही. पानावर दूध सांडल्यासारखं होतं. विनिपेगच्या डॉक्टराने सांगितलं, ऑपरेशन करू, एका वेळी एक डोळा, संध्याकाळी घरी. मी बरं म्हणालो आणि गेलो नाही. मला भीती वाटते. वादळात तळ्यावर दोन रात्री काढल्यात, पण कुणी डोळ्यात सुरी घालणार म्हटलं की माझे पाय गळतात.

हरीण नव्हतं. चर्चच्या हॉलचा खांब होता. पन्नास वर्षं तो तिथेच आहे, तरी मी त्याला हिशेबात धरलं नव्हतं. त्या दिवसापासून किल्ल्या शेजाऱ्याकडे दिल्या. कुणी दुखावलं नाही. पण दुखावलं असतं, हे रोज मनात येतं.

नाटक मी काचेला नाक लावून पाहिलं. चेहरे नाहीतच दिसले, आवाज ऐकले. कप्तानाचा आवाज मला पहिल्यापासून खोटा वाटला, त्यामुळे निदान ते नाव मी स्वतःच्या कानांनी शोधलंय. तुझ्यासारखी बेड्यांची वाट पाहिली नाही. एवढं श्रेय मला दे.

जिंकायचं होतं कारण हरलो असतो तर घर विकायला लागलं असतं. इथे मला आंधळेपणीही वावरता येतं. पायऱ्या किती, शेगडी कुठे, लोआने मिठाची बरणी कुठे ठेवली, सगळं हाताला माहीत आहे. तुझ्या रेजायनातल्या वरच्या खोलीत मी नवा आंधळा झालो असतो.

तुझं एक पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागते. लोआचं भरतकामाचं भिंग घेतो, खिडकीत बसतो, एकेक शब्द. तरी तू दोन्ही बाजूंनी लिहितेस. लिहीत जा.

हस आता.
एगर्ट


रेजायना,
१ मार्च १९९६

चि. एगर्ट,
मनापासून आशीर्वाद, राखून काहीच ठेवलं नाही.

एका बाजूला, मोठ्या अक्षरात लिहितेय. तरी हे तुझ्या दोन दुपारी खाईल, त्याला इलाज नाही.

तू खरं सांगितलंस, मग मलाही सांगायला हवं. घर विकून इथे ये म्हणून मी वर्षभर तुझ्या मागे लागलेय. दीसाला सांगते तुझ्या काळजीपोटी. डॉक्टरला, शेजारणीला, पाद्र्याला, सगळ्यांना तेच सांगते. पडदे निवडताना मलाही ते खरं वाटायचं. पण ते खरं नाही. एकटी मी आहे. रविवारी टीव्ही लावते तो गोष्टीसाठी लावत नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून लावते. कप्तान पेल खोटारडा होता, तरी चार आठवडे तो वेळेवर यायचा. शेवटचा भाग संपला त्या रात्री मला रडू आलं, आणि ते खुनाबद्दल नव्हतं.

तुझ्याकडे आपलं सगळं आहे. तळं आहे, लोआचं मीठ आहे. माझ्याकडे एक रंगवलेली रिकामी खोली आहे. तुला आधार हवा म्हणून मी तुला बोलावत नव्हते. मला आधार हवा होता आणि तो मागायची लाज वाटत होती, म्हणून तुझ्यावर उपकार करायला निघाले होते. आपण दोघंही तसलेच. सत्तर वर्षांत बाबांच्या पोरांनी जिंकल्याशिवाय काही म्हणून मागितलेलं नाही.

यंदा मी हरले. लबाडी करून हरले, म्हणजे दुप्पट हरले. तरी मागतेय. मला तिकडे यायचंय. पाहुणी म्हणून नाही, राहायला. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसेन, आणि तुझे पाय गळले तर गळू देत, माझे आहेत. तोपर्यंत तुला वाचून दाखवेन. पोस्टमास्तरच्या बायकोचं प्रकरण मी अजून सोडलेलं नाही. एकटीने सोडावंसं वाटलं नाही.

तू नाही म्हणू शकतोस, एगर्ट. या वेळी तुला बांधणारा नियम नाही. नाही म्हणालास तर मी रागावणार नाही, म्हणजे रागावेन, पण पत्र लिहायचं थांबवणार नाही.

लोभ असू दे. हेही आज मागूनच घेतेय.
तुझी,
थोरुन


गिमली,
७ मार्च

ताई,

पेन कोरडं व्हायला आलंय, तेव्हा थोडक्यात.

एकावन्न साली तू मला लोआकडे धाडलंस. मी गेलो, पण नियम होता म्हणून गेलो. ती जाईपर्यंत मला विचारायची, नियम नसता तर आला असतास का? मी कधी उत्तर दिलं नाही. आपल्या घरात हो म्हणायला कुणी मोकळं नव्हतंच.

आज मला कुणी हरवलेलं नाही.

हो. ये.

एगर्ट